छापलेल्या धातूची भट्टी

(दृश्य: वर्धा जिल्ह्यातलं गाव. लोहाराची भट्टी, भाता सुरू.)

मृग जवळ आला की या भट्टीला उसंत नसते. डवऱ्याच्या पासा, विळे, कुऱ्हाडी, सगळं पेरणीआधी पाजवून हवं असतं. हे पोलाद ट्रकच्या कमानीच्या जुन्या पाट्याचं आहे. काकांची नजर घणावर नाही, रंगावर आहे. गडद लाल उजळत नारिंगीकडे झुकला, की धार पाण्यात. पण पुरती थंड होऊ देत नाहीत. मागच्या भागातली धग धारेकडे परत येते, कडेवर पिवळसर छटा उमटते, मग पुन्हा पाणी. पहिल्या पाण्याने कठीणपणा येतो, परतलेल्या धगीने ठिसूळपणा जातो.

विदर्भात आगीची ही विद्या फार जुनी. नागपूर जिल्ह्यात नैकुंडच्या उत्खननात लोखंड गाळायची भट्टी सापडली, ती अडीच हजार वर्षांहून जुनी आहे.

(दृश्य: तळहातावर धातूचा ठोकळा.)

काकांची पुतणी नागपुरात धातुशास्त्र शिकते. तिच्या हातातला हा ठोकळा इन्कोनेल 718चा, म्हणजे उष्णता सोसणाऱ्या एका मिश्रधातूचा आहे. त्यात निम्म्याहून थोडं अधिक निकेल. बाकी क्रोमियम, लोह, नायोबियम, मॉलिब्डेनम आणि किंचित टायटॅनियम, अॅल्युमिनियम. तो घडवलेला नाही, थ्रीडी प्रिंटरने छापलेला आहे. बारीक भुकटीचा थर पसरायचा, लेसरने हवा तेवढाच भाग वितळवायचा, त्यावर पुढचा थर. एकेक थर मिलिमीटरच्या शंभराव्या हिश्शांत मोजायचा.

(दृश्य: लॅपटॉपवर सूक्ष्मदर्शकाची छायाचित्रं.)

आम्ल लावलेला पृष्ठभाग असा दिसतो. माशाच्या खवल्यांसारख्या या कमानी म्हणजे लेसरने वितळवलेल्या एकेका डबक्याची कड. कमानी ओलांडून खालून वर गेलेले लांबट खांब, ते धातूचे कण. नवा थर खालच्या कणाचीच रचना उचलतो, म्हणून ते उभे वाढतात. आणखी जवळ गेलं की प्रत्येक खांबात जाळी दिसते. तिची एकेक खोली साधारण मायक्रॉनभर, म्हणजे मिलिमीटरचा हजारावा हिस्सा.

या जाळीतच सगळी गोम आहे. धातू सेकंदाला लाखो अंश या वेगाने गोठतो. नायोबियम शेवटी गोठणाऱ्या द्रवात ढकललं जातं आणि भिंतींमध्ये अडकतं. तिथे लाव्हेस नावाची ठिसूळ प्रावस्था, म्हणजे धातूच्या आतच वेगळ्या रचनेचा भाग, तयार होते. ज्या नायोबियमने ताकद द्यायची, तेच असं कोपऱ्यात कोंडलं जातं. भरीला, झटपट गोठल्याने आतून ताण भरलेला असतो तो वेगळाच.

छपाईच्या बातम्या भरपूर येतात, त्यानंतरच्या भट्टीबद्दल मात्र सहसा एक ओळही नसते. आम्हाला ही फिल्म करावीशी वाटली ती त्यासाठी.

काकांनी ठोकळा पाहून विचारलं, याला पाणी कधी द्यायचं? पाण्याने हा कठीण होतच नाही. घडवलेल्या 718ची कृती इथे जशीच्या तशी चालतही नाही. ताण काढायला 870 अंश सेल्सिअसच्या आसपास ठेवलं, तर नायोबियम साचलेल्या जागी डेल्टा प्रावस्थेच्या सुया भराभर वाढतात, आणि त्या नायोबियम खातात पण ताकद देत नाहीत. म्हणून आधी 1065 अंश किंवा त्याहून वर न्यायचं. लाव्हेस विरघळते, नायोबियम सगळीकडे पसरतं. पुरेशी उष्णता मिळाली तर उभे खांब मोडून नवे कण जन्मतात. फार वेळ ठेवलं, तर तेच कण फुगतात.

मग येते संथ आंच. 720 अंशांवर आठ तास, हळूहळू 620 पर्यंत उतार, तिथे पुन्हा आठ तास. या वेळात निकेल आणि नायोबियमच्या चकत्या धातूभर उगवतात. त्यांना गॅमा डबल प्राइम म्हणतात. त्या नॅनोमीटरच्या मापाच्या, साध्या सूक्ष्मदर्शकाला न दिसणाऱ्या. पण कठीणपणा रॉकवेल सी मापावर तिशीच्या आसपासून चाळिशीपुढे जातो तो त्यांच्यामुळे.

असा छापलेला धातू उडतोही. 30 मे 2024 रोजी श्रीहरिकोटाहून उडालेल्या, अग्निकुल कंपनीच्या ‘अग्निबाण’ रॉकेटचं इंजिन इन्कोनेलचं, अखंड छापलेलं होतं.

(दृश्य: काका आणि पुतणी, लॅपटॉपपुढे.)

718 साधारण 650 अंशांपर्यंत भरवशाचा. त्यापुढे त्या चकत्या हळूहळू डेल्टात बदलतात. जास्त तापाला टायटॅनियम आणि अॅल्युमिनियम अधिक असलेले मिश्रधातू लागतात, पण ते छापताना आणि नंतर भट्टीतही तडकतात. पुतणीने पुढच्या अभ्यासाला त्यांतलाच एक निवडला आहे.