वाट पाहणारे कान

श्रोतेहो, नमस्कार.

मी नाशिकला राहते, एका पतसंस्थेत नोकरी करते, आणि घरात सासूबाई, यजमान, सातवीतला मुलगा व चौथीतली मुलगी अशी माणसे आहेत. पहाटे कणीक मळण्यापासून रात्री विरजण लावेपर्यंत माझा दिवस कसा जातो, हे शाळेत जाणारी मुले घरात असलेल्यांना मी सांगायला नको. अशा धावपळीत मुलांच्या वाचनाकडे लक्ष कधी द्यायचे, असे माझ्या मैत्रिणी मला नेहमी विचारतात. त्याचे उत्तर मला गेल्या वर्षीच्या जून महिन्यात माझ्याच स्वयंपाकघरात मिळाले, आणि ते मी आधीच सांगून ठेवते, म्हणजे पुढची हकिगत ऐकताना ते तुमच्या मनात राहील. मुलाने वाचावे असे वाटत असेल, तर ते काय वाचणार आहे याची घरात कोणीतरी खरोखरच वाट पाहत असले पाहिजे.

त्या जूनमध्ये सासूबाईंच्या डोळ्याचे मोतीबिंदूचे ऑपरेशन झाले. डोळ्यात थेंब घालण्याच्या वेळा, काळा चष्मा, डोक्यावरून पाणी घ्यायचे नाही, हे सारे तुम्हाला ठाऊक असेलच. त्यांना लांबचे स्वच्छ दिसू लागले, समोरच्या इमारतीच्या गच्चीवरचे कपडेसुद्धा त्या ओळखू लागल्या; पण जुना चष्मा आता उपयोगाचा राहिला नव्हता आणि नवा नंबर डोळा पूर्ण बरा झाल्यावर, म्हणजे महिना-दीड महिन्याने मिळणार होता. तोपर्यंत वर्तमानपत्राचे बारीक अक्षर त्यांना दिसणार नव्हते, आणि त्यांच्या दृष्टीने हीच सर्वांत मोठी अडचण होती.

सासूबाईंचे माहेर निफाड तालुक्यातले. त्यांचे धाकटे भाऊ अजूनही कांदा लावतात. उन्हाळ कांदा चैत्र-वैशाखात काढायचा, कांदाचाळीत, म्हणजे कांदा साठवायच्या हवेशीर शेडमध्ये भरायचा, आणि बाजारभावाचा अंदाज घेत पावसाळाभर थोडा थोडा बाजारात न्यायचा, असा तो व्यवहार आहे. चाळीत ठेवलेला कांदा दिवसेंदिवस वजनाला घटतो, दमट हवेने सडतो, त्याला कोंब फुटतात; त्यामुळे आज विकावा की आठ दिवस थांबावे, हा प्रश्न शेतकऱ्यापुढे रोज सकाळी नव्याने उभा राहतो. लग्न होऊन नाशिकला आल्यापासून सासूबाई वर्तमानपत्र हातात घेतात ते बाजारभावाचे पान उघडण्यासाठीच. लासलगाव, पिंपळगाव, विंचूर, येवला, या नावांपुढचे आकडे त्या एखाद्या पत्रासारखे वाचतात, कारण माहेरची खुशाली त्यांना त्या रकान्यातूनच कळत आलेली आहे.

ऑपरेशननंतर तिसऱ्या दिवशी सकाळी त्या मला म्हणाल्या, ‘‘सूनबाई, तेवढा कांद्याचा भाव वाचून दाखव.’’ माझ्या एका हातात लाटणे होते, तव्यावर पोळी होती, यजमान पहिल्या पाळीसाठी सातपूरला निघून गेले होते आणि मुलगा शाळेत गेला होता. मुलीची शाळा दुपारची असल्यामुळे ती तेवढी मोकळी होती. मी तिला म्हटले, ‘‘आजीला वाचून दाखव बघू.’’

माझी मुलगी इंग्रजी माध्यमात शिकते. तेव्हा ती तिसरीत होती. मराठी वाचायला तिला येत होते, पण जोडाक्षर आले की ती थबकत असे, आणि माझ्यासमोर वाचताना तर दोन ओळींनंतर जांभया सुरू होत. तिने बाजारभावाचा रकाना शोधला आणि पहिल्याच ओळीत ‘क्विंटल’ या शब्दाशी अडकली. ‘कविंटल’ असे तिने वाचले. आजीने तिला हसून गप्प बसवले नाही. ‘‘शंभर किलोंचा एक क्विंटल, आपल्या मामाआजोबांच्या ट्रॅक्टरमध्ये पंधरा-वीस मावतात,’’ एवढेच त्या म्हणाल्या, आणि त्या शब्दाला त्या क्षणी वजन आले. तीन दिवसांनी तिने तो बरोबर वाचला.

पुढची अडचण आकड्यांची होती. मुलीने आकडा पाहिला की इंग्रजीत म्हणायची, आणि आजीला ‘सिक्स्टी नाइन’ म्हणजे किती ते कळत नसे. इंग्रजी माध्यमातल्या मुलांच्या आयांना माझे म्हणणे लगेच पटेल. एकोणसाठ, एकोणसत्तर, एकोणऐंशी या पायऱ्यांवर आपली मुले हमखास घसरतात. 2019 साली बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ‘वीस एक’, ‘सत्तर सात’ अशी सोपी रूपे आली, तेव्हा त्यावर महाराष्ट्रात बरेच वादंग झाले. ती रूपे शिकवण्याच्या सोयीची असतील, मला त्यातले शास्त्र कळत नाही. पण बाजारात, बँकेत आणि आजीच्या तोंडी सत्त्याहत्तरच असते, आणि ते कानावरून गेल्याखेरीज जिभेवर बसत नाही, असे माझे ठाम मत आहे. आमच्या घरी ते महिनाभरात बसले, कारण आजीला भाव कळल्याखेरीज तिचा चहा पुढे सरकत नव्हता.

आता जो दिवस मला मुद्दाम सांगायचा आहे, त्याकडे येते. तो जुलैचा पहिला आठवडा असावा. बाहेर बारीक पाऊस होता, मी पोळ्या लाटत होते, मुलगी पाटावर बसून वर्तमानपत्र जमिनीवर पसरून वाचत होती आणि सासूबाई भिंतीला टेकून, काळ्या चष्म्यामागे डोळे मिटून ऐकत होत्या. मुलीने लासलगावचा किमान भाव वाचला, मग कमाल भाव वाचला, चौदाशे एकोणसत्तर. तो आकडा तिने पहिल्यांदाच न अडखळता म्हटला, म्हणून माझे लक्ष गेले. मग ती म्हणाली, ‘‘सरासरी पंधराशे वीस.’’

‘‘परत वाच,’’ सासूबाई म्हणाल्या.

तिने परत वाचले. पंधराशे वीस.

‘‘अगं, सगळ्यात महाग कांदा चौदाशे एकोणसत्तरला गेला, तर सरासरी त्याच्या वर कशी जाईल? ओळ चुकली असेल तुझी. बोट ठेवून वाच.’’

मुलीने बोट ठेवले. लासलगावच्या ओळीवरून तिची नजर खालच्या ओळीवर उतरली होती आणि दुसऱ्याच बाजाराची सरासरी तिने वाचली होती. तिने मान वर केली, आजीकडे पाहिले, पुन्हा कागदाकडे पाहिले. ‘‘आजी, तुला तर दिसत नाहीये, मग तुला कसं कळलं?’’ असे तिने विचारले. सासूबाईंनी तिला जवळ बसवले, डब्यातले शेंगदाणे घेतले, लहान-मोठे ढीग केले आणि किमान, कमाल, सरासरी म्हणजे काय ते दाखवले. मग हमाली आणि तोलाई वजा जाता शेतकऱ्याच्या हातात काय उरते तेही सांगितले. माझी पोळी तव्यावर करपली, हे मला वासावरून कळले.

त्या दिवसापासून मुलगी आकडे नुसते म्हणेनाशी झाली. ती ते ताडून पाहू लागली. एखाद्या सकाळी भाव पडलेला असला की ‘‘आजी, आज आवक जास्त आहे,’’ असे आधी सांगून मगच ती भाव वाचत असे, म्हणजे बातमी कशी सांगावी हेही तिला उमगू लागले होते. तिच्या उजव्या हाताच्या पहिल्या बोटाचे पेर छपाईच्या शाईने काळे झालेले असे आणि तो ठसा गणवेशाच्या कॉलरवर उमटत असे. तो डाग मी रोज साबणाने घासून काढला, पण तिला बोट ठेवू नकोस असे एकदाही म्हटले नाही.

श्रोतेहो, माझ्यासमोर ती जांभया देत असे आणि आजीसमोर देत नसे, याचे कारण मी बरेच दिवस शोधत होते. मी तिचे वाचन तपासत होते. धडा मला आधीच माहीत होता, त्यातून मला काहीच नवे कळायचे नव्हते, आणि मुलांना ते बरोबर कळते. सासूबाईंना मात्र ती काय वाचते ते खरोखर हवे होते. पुन्हा सांगते, कारण हीच आजच्या बोलण्यातली मुख्य गोष्ट आहे: तपासणाऱ्यासमोर मूल कंटाळते, वाट पाहणाऱ्यासमोर मूल वाचते.

आपल्याकडे चातुर्मासात एकीने पोथी वाचायची आणि बाकीच्यांनी वाती वळत ऐकायची, अशी रीत घरोघरी होतीच. वाचणारी एक, ऐकणाऱ्या दहा, आणि कोणाच्याही हातचे काम थांबत नसे. वाचनासाठी वेगळा तास, वेगळी खोली आणि शांतता लागते, हा समज अलीकडचा आहे. त्याच ओघात सांगते, की घरातली पुस्तके काचेच्या कपाटात कुलूप लावून ठेवू नयेत. ती मुलांच्या हाताला लागतील अशा खालच्या फळीवर असावीत, मग कोपरे दुमडले तरी चालतील. ग्रंथालयशास्त्राचे आपल्याकडचे आद्य पुरुष डॉ. रंगनाथन यांनी 1931 साली मांडलेल्या पाच सूत्रांतले पहिलेच सूत्र, पुस्तके वापरासाठी असतात, असे आहे, आणि चौथे सूत्र वाचकाचा वेळ वाचवा असे सांगते. नोकरी करणाऱ्या बाईला या चौथ्या सूत्राची किंमत विशेष कळते.

ऑगस्टमध्ये सासूबाईंना नवा चष्मा मिळाला आणि बाजारभावाचे पान पुन्हा त्यांच्याकडे गेले. मुलगी दोन दिवस जरा हिरमुसली होती. तिसऱ्या दिवशी ती ‘किशोर’चा अंक घेऊन माझ्या ओट्याशी आली. बालभारतीचे हे मासिक 1971 पासून निघते, मीही लहानपणी ते वाचले आहे. पण तिने उघडलेली गोष्ट माझ्या वाचनात कधी आली नव्हती. मी तसे सांगितले, तेव्हा तिने पाट ओढला आणि बसली. गोष्ट पोळ्यांपेक्षा लांब निघाली, म्हणून उरलेला भाग मी डबे भरताना ऐकला, आणि शेवटच्या पानाला कामावर जायची वेळ झाली, तेव्हा ती मला सोडायला जिन्यापर्यंत वाचत आली.

आता दर शनिवारी आम्ही दोघी 1840 साली स्थापन झालेल्या आमच्या सार्वजनिक वाचनालयात, म्हणजे नाशिककरांच्या ‘सावाना’त जातो. घरी कोणाला काय ऐकायचे आहे याची यादी ती करते. या शनिवारच्या यादीत सासूबाईंनी कोंबड्या पाळण्यावरचे पुस्तक सांगितले आहे, मामाआजोबांसाठी.

नमस्कार.