उरलेल्या फुफ्फुसाचा हिशेब

नागपुरात ‘मेडिकलचा’, म्हणजे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयाचा, ‘टीबी वॉर्ड’ म्हटलं की ऑटोवाला पुढे काही विचारत नाही. तिथे येणारे सगळेच टीबीने आजारी असतात असं नाही. काहींचा टीबी बरा होऊन वर्षं लोटलेली असतात.

अशाच एकाचा हा एक्स-रे बघा. डावी बाजू पांढरी, श्वासनलिका तिकडे ओढलेली, बरगड्या एकमेकींजवळ आलेल्या. थुंकीत जंतू नाहीत, पण खोकल्यातून रक्त येतं. डावं फुफ्फुस असं जास्त वेळा निकामी होतं. तिकडची मुख्य श्वासनळी लांब आणि अरुंद, महाधमनीच्या कमानीखालून जाणारी. शेजारच्या लसिका गाठी सुजल्या की ती दबते.

असं निकामी फुफ्फुस शस्त्रक्रियेने काढलं तर माणूस अर्ध्या दमावर जगणार का? घरच्यांचा पहिला प्रश्न हाच. पण ते फुफ्फुस आधीच काम सोडून बसलेलं असतं. त्यामुळे फुंकण्याच्या चाचणीतला आकडा भीती असते तितका उतरत नाही. खरा प्रश्न असतो तो उरलेलं फुफ्फुस किती धड आहे याचा. त्यातही जुने व्रण असतील तर शस्त्रक्रियेआधी दहादा विचार करतात.

चिकटलेलं फुफ्फुस छातीच्या भिंतीपासून सोडवताना बरंच रक्त जातं. श्वासनळीचं कापलेलं टोक शिवून त्यावर बरगड्यांमधल्या स्नायूची पट्टी बसवतात. थुंकीत जंतू असताना शस्त्रक्रिया करावी लागली, तर हाच टाका उसवण्याचा धोका वाढतो. फुफ्फुस काढल्यावर छातीत उरलेल्या पोकळीत नळी ठेवतात, पण तिला सक्शन, म्हणजे यंत्राची ओढ, लावत नाहीत. नाहीतर हृदयच रिकाम्या बाजूला ओढलं जाईल.

मग पोकळीत हळूहळू पाणी भरतं. एक्स-रेमधली पाण्याची रेषा दर वेळी वर सरकायला हवी. पूर्ण भरायला काही आठवडे ते काही महिने लागतात. रेषा अचानक खाली आली, आणि खोकल्यातून पाण्यासारखा लालसर द्रव येऊ लागला, तर टाका सुटलाय असं समजायचं. रुग्णाला ताबडतोब शस्त्रक्रियेच्याच कुशीवर वळवायचं, नाहीतर ते पाणी चांगल्या फुफ्फुसात उतरतं.

बहुतेकांचं रक्त पडणं थांबतं. वर्षानुवर्षं सांभाळायचं असतं ते एकुलतं फुफ्फुस. बिडी बंद, चुलीच्या धुरापासून लांब, फ्लू आणि न्यूमोनियाच्या लसी वेळेवर. खर्रा (तंबाखू-सुपारीचं मिश्रण) सोडला आणि बिडी धरली, हा सौदा महागात पडतो. मे महिन्यात पारा पंचेचाळीसवर गेला की अंगातलं पाणी घटतं, कफ घट्ट होतो. खोकला दोन आठवड्यांवर गेला तर थुंकी पुन्हा तपासायची; टीबी परतू शकतो.

तपासणीला रुग्ण 30 मीटरच्या व्हरांड्यात सहा मिनिटं चालतो. किती मीटर झाले ते कार्डावर चढतं. सोबत जुन्या फिल्म आणायला सांगतात. पांढऱ्या बाजूत हवेची काळी पोकळी दिसली, तर ती आजची की मागच्या वर्षीची, हे जुनी फिल्म शेजारी लावल्याशिवाय ठरत नाही.