सावलीतले दाणे

मित्रहो, अजिंठ्याचं पहिलं लेणं तुमच्यापैकी बहुतेकांनी पाहिलं असेल. तिथे फ्लॅशला बंदी आहे आणि ती असायलाच हवी; दीड हजार वर्षांपूर्वीचे रंग आहेत ते. मागच्या भिंतीकडे पाठ करून दाराकडे कॅमेरा धरला, की बाहेरचं ऊन आणि खांबांवरचा काळोख एकाच चौकटीत येतात. दार सांभाळलं तर खांब काळे पडतात. घरी येऊन ते उजळायला गेलं, की त्यांच्यावर दाणे उमटतात. हा नॉइज येतो कुठून?

पहिला वाटा खुद्द प्रकाशाचा. फोटॉन, म्हणजे प्रकाशाचे कण, मोजून-मापून येत नाहीत, पावसाच्या थेंबांसारखे येतात. अंगणात शेजारी ठेवलेल्या दोन वाट्यांत सारखेच थेंब पडत नाहीत, तसंच हे. एका पिक्सेलवर सरासरी १०० फोटॉन टिपले गेले, तर चढउतार १० चा, म्हणजे दहा टक्के. १०,००० टिपले, तर चढउतार १०० चा, म्हणजे एकच टक्का. चढउतार वर्गमुळाने वाढतो. हा दाणा कोणतीही कंपनी काढू शकत नाही. ‘आयएसओ वाढवला म्हणून नॉइज आला’ असं आपण म्हणतो (आयएसओ म्हणजे टिपलेला संकेत किती मोठा करायचा त्याचं माप), तेव्हा बहुतेक वेळा खरं कारण प्रकाश कमी मिळाला हेच असतं.

दुसरा वाटा सेन्सरचा, म्हणजे प्रकाश टिपणाऱ्या चिपचा, आणि रचनेचा कस लागतो तो इथे. प्रत्येक पिक्सेल ही इलेक्ट्रॉनांची एक विहीर समजा. ती काठोकाठ भरली की पुढचा उजेड वाया जातो, पांढरं उडतं. तळाशी असतो वाचनाचा गोंधळ: इलेक्ट्रॉन मोजताना सर्किट स्वतः जी चूक करतं ती. काठ आणि हा गोंधळ यांच्यामधलं अंतर म्हणजे डायनॅमिक रेंज. समजा, विहिरीत ६०,००० इलेक्ट्रॉन मावतात. गोंधळ ३० इलेक्ट्रॉनांचा असेल, तर गुणोत्तर २,०००, म्हणजे सुमारे ११ स्टॉप (एक स्टॉप म्हणजे दुप्पट). तोच गोंधळ ४ वर आणला, तर जवळजवळ १४. विहीर तेवढीच, फक्त तळ स्वच्छ झाला.

नेमकं हेच २०१२ साली सगळ्यांना दिसलं. कॅनन ५डी मार्क ३ आणि निकॉन डी८०० एकाच वर्षी आले, दोन्ही फुल फ्रेम, म्हणजे ३५ मिमी फिल्मच्या चौकटीएवढ्या सेन्सरचे. आयएसओ १०० ला सावल्या उजळल्या, तर डी८०० दोन स्टॉपांहून अधिक पुढे. कॅननमध्ये सेन्सरमधून निघालेला कच्चा विद्युत्संकेत बाहेरच्या चिपपर्यंत प्रवास करून मग आकड्यांत बदलत असे. वाटेत त्याला गोंधळ चिकटे. डी८०० च्या सेन्सरवरच, पिक्सेलांच्या प्रत्येक स्तंभाच्या टोकाशी, आकड्यांत बदलणारं सर्किट होतं. सेन्सर बनवणाऱ्या सोनीने ही रचना २००७ मध्ये आणली होती. कॅननने ती आपल्या बड्या कॅमेऱ्यांत आणली २०१६ मध्ये.

आणि एक गंमत पाहा. आयएसओ बराच वाढवला, की या दोन कॅमेऱ्यांतला फरक जवळजवळ मिटायचा. कारण संकेत प्रवासाला निघण्याआधीच मोठा केला जातो आणि वाटेतला गोंधळ त्याच्यापुढे क्षुल्लक ठरतो. म्हणजे प्रकाश तेवढाच असेल, तर अशा कॅमेऱ्यात आयएसओ वाढवल्याने सावली उलट स्वच्छ होते! किंमत चुकवावी लागते वरच्या बाजूला: पांढरं लवकर उडतं.

यावर तंत्रज्ञांनी काढलेली तोड मला फार आवडते. वाटीभर पाणी परातीत ओतलं तर पसरतं, फुलपात्रात ओतलं तर वर चढतं. थोडं असेल तर फुलपात्रातच नीट मोजता येतं. पिक्सेलमधला विद्युतभार जिथे व्होल्टेजमध्ये बदलतो, तिथली धारकता (भार साठवण्याची क्षमता) कमी ठेवली की फुलपात्र, जास्त ठेवली की परात. आता अनेक कॅमेऱ्यांत एकाच पिक्सेलमध्ये दोन्हींची सोय असते, मध्ये एक स्विच. सोनी ए७ मार्क ३ मध्ये हा बदल आयएसओ ६४० ला होतो. म्हणून त्या कॅमेऱ्यावर ५०० पेक्षा ६४० ची सावली स्वच्छ.

तेव्हा हा कॅमेरा घेऊन लेण्यात गेलात, तर आधी हात स्थिर राहील इतपत शटरचा वेग ठरवा, लेन्सचं छिद्र हवं तेवढं उघडा. मग आयएसओ ५०० लागतोय असं वाटलं तर ६४० करून बघा, दाराबाहेरचं ऊन उडत नाही ना ते हिस्टोग्रामवर, म्हणजे उजेडाच्या आलेखावर, तपासा, आणि रॉ, म्हणजे कॅमेऱ्याने संस्कार न केलेली, फाइल घ्या. खांब घरी उजळता येतील.