बाटली आतून बघा

श्रोतेहो, नमस्कार.

आजीच्या कनवटीला असायची ती तपकिरीची डबी आठवते ना? तीच तपकीर युरोपियन व्यापारी आणि जेझुइट पाद्री यांच्याबरोबर चीनला गेली आणि तिथं डबीची बाटली झाली. दमट हवेत तपकीर सर्दते, म्हणून घट्ट बूच आणि बुचालाच आतून लावलेला एक चिमुकला चमचा. 1696 साली कांगशी बादशहानं पेकिंगमध्ये काचेचा कारखाना काढला, तोही किलियान स्टुम्फ नावाच्या जर्मन पाद्र्याच्या हाताखाली. मग काच, जेड, पोवळं, अकीक, कशाकशाच्या म्हणून बाटल्या झाल्या. मुठीत मावतील एवढ्याच.

मी जहाजावर नोकरीला होतो तेव्हाची गोष्ट. हाँगकाँगच्या कॅट स्ट्रीटवर मी एक बाटली घेतली. अकिकाची, मधाच्या रंगाची. दगडात मुळातच एक काळा डाग होता, कारागिरानं त्याचाच पक्षी केलेला. वर हाताला चांगली जड! जड म्हणजे अस्सल, हे आपलं भांड्यांच्या दुकानातलं शहाणपण.

दोन दुकानं पुढं एक म्हातारे गृहस्थ बसले होते. मी ऐटीत बाटली दाखवली. ते म्हणाले, "वर्णन करा." मी सुरू झालो: रंग असा, पक्षी असा, बूच हिरव्या काचेचं. त्यांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, "आणि आतून?"

आतून? आत काय असणार!

त्यांनी सुनेला हाक मारून वाडगाभर पाणी मागवलं. स्वतःची अकिकाची बाटली अलगद सोडली. तरंगली, मंडळी. दगडाची बाटली कलती होऊन बदकासारखी तरंगली. मग माझी सोडली. डुबुक! म्हातारे हसले नाहीत, सून हसली.

मग त्यांनी वाकवलेली तार माझ्या बाटलीत घालून फिरवली. तळापर्यंत सरळ भोक होतं, पण खांद्यांकडं दगड तसाच भरलेला. अकीक पोलादाच्या पात्यानं कापला जात नाही, कठीण वाळूची पूड लावून झिजवावा लागतो. तोंड एवढं की पेन्सिल जेमतेम जाईल. तिथून वाकडं हत्यार घालून, न दिसणाऱ्या जागी, भिंत पातळ करत न्यायची. म्हणून पुन्हा सांगतो, बाटली आतून बघा. कोरीव काम बाहेर दिसतं, कसब आत असतं.

(आणि संग्रहालयांतल्या त्या पाट्या! 'बाटली, चीन, 19वे शतक.' एवढं तर मलाही काचेतून दिसतं हो.)

तेव्हापासून बाटल्यांची वर्णनं लिहायच्या माझ्या वहीत पहिली ओळ पोकळीची. अगदी अशी: 'खांदे पूर्ण कोरलेले, उजेडाला धरली की भिंत मधासारखी पारदर्शक, तळकडा झिजलेला, चमचा मोडका, बूच नंतरचं.' मग बाहेर कोरलेलं वटवाघूळ. हो, वटवाघूळ! आपल्याकडं घरात शिरलं तर अपशकुन, तिकडं मात्र त्याचा उच्चार 'फू', आणि 'फू' म्हणजे सुखसमृद्धी. तळावरच्या बादशाही शिक्क्याला शेवटची ओळ. तो कुणीही, केव्हाही कोरतो.

एक सांभाळा. आतल्या बाजूनं चित्र रंगवलेल्या काचेच्या बाटल्या असतात, मा शाओश्वान या चिनी चित्रकाराच्या प्रसिद्ध आहेत. त्यांच्या आत पाण्याचा थेंब जाता कामा नये, चित्र धुऊन निघेल.

माझी ती बुडालेली बाटली अजून आहे. आमच्या सौभाग्यवती ती विजेच्या बिलांवर ठेवतात. पंखा पाचवर असला तरी कागद हलत नाही.