ॲपपेक्षा यादी हवी

(दृश्य : तान्ह्या बाळाची भरभर हलणारी छाती)

बाळाला खोकला आहे. साधी सर्दी की न्यूमोनिया? डॉक्टर लांब, एक्स-रे त्याहून लांब. आरोग्यसेविका घड्याळ लावून पूर्ण मिनिटभर श्वास मोजते. दोन महिन्यांपासून वर्षाच्या आतलं बाळ असेल तर ५०, एक ते पाच वर्षांचं मूल असेल तर ४०. आकडा तिथवर गेला की श्वास जलद, म्हणजे न्यूमोनियाचा संशय. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांनी १९९०च्या दशकात आखलेल्या उपचारपद्धतीतला हा नियम.

नियम सोपा आहे. पण दाराबाहेर रांग वाढली की मिनिट अर्ध्यावरच आटोपतं, आणि छापील तक्ता कपाटात राहतो. त्याच तक्त्याचं फोनवरचं ॲप मात्र एकेक प्रश्न समोर ठेवतं. दूध ओढतं का? झटके आले का? सगळं उलटून टाकतं का? वजन भरलं की औषधाची मात्राही सांगतं. यात फार हुशारी नाही. ते पायरी गाळू देत नाही, एवढंच.

(दृश्य : जिल्हा कार्यालय, पडद्यावर नकाशा)

वर्णभेद संपल्यावर दक्षिण आफ्रिकेत विस्कळीत आरोग्यसेवेचे आकडे एकत्र आणायला एक संगणक प्रणाली उभी राहिली : डीएचआयएस, म्हणजे जिल्हा आरोग्य माहिती प्रणाली. ऑस्लो विद्यापीठाने ती पुढे वाढवली. केनियाने २०११मध्ये तिची वेबवरची आवृत्ती देशभर लावली. आज सत्तरहून अधिक देश ती वापरतात. लशीचा पहिला डोस घेतलेली मुलं तिसऱ्याला कुठे गळतात, हे जिल्ह्याला केंद्रवार दिसतं.

(दृश्य : टेबलावर रजिस्टरांची चळत, शेजारी टॅबलेट)

आता दुखणं. ॲप येतं, पण रजिस्टर जात नाही. तीच नोंद दोनदा, कधी तीनदा. कारण निधी देणाऱ्या प्रत्येकाला आपलं वेगळं ॲप हवं असतं. युगांडात असे प्रयोग इतके माजले, की २०१२मध्ये आरोग्य मंत्रालयानेच नव्या प्रकल्पांना स्थगिती दिली. योग्यच केलं, म्हणायचं.

माहिती वर जाते. भरणारीच्या हाती काय येतं? या आठवड्यात कोणाच्या घरी लशीसाठी जायचं, कोणती गरोदर बाई तपासणीला आलेली नाही, ही यादी तिला सकाळी, नेटवर्क नसतानाही, फोनवर मिळाली, तर नोंदी भरा म्हणून तिच्या मागे लागावं लागत नाही.