मुका खांब आणि खांब

नमस्कार. पत्रिकेत माझा विषय ‘विणकामाचा छंद आणि त्यातला आनंद’ असा छापलाय. त्या आनंदाबद्दल मला एकच गोष्ट सांगायची आहे : विणलेलं वाचता येतं. ते वाचता यायला लागलं की नमुन्याचा कागद बाजूला ठेवता येतो, आणि खरी मजा तिथून पुढे आहे. त्याकडे येतेच. आधी हा वाडगा पुढच्या रांगेपासून मागेपर्यंत फिरू दे. एरवी त्यात माझ्या घराच्या किल्ल्या असतात, आज काढून ठेवल्यात.

हा वाडगा व्हायचा होता टीपॉयवरचा रुमाल.

माझी भाची इंग्लंडमध्ये, लीड्सला असते. डिसेंबरात तिकडे चारच्या आतबाहेर अंधार पडतो. त्या लांबलचक संध्याकाळी करायचं काय, म्हणून तिनं क्रोशाची सुई हातात घेतली. शिकली मोबाइलवरचे अमेरिकन व्हिडिओ बघून. नमुना मिळाला शेजारच्या आजींकडच्या एका जुन्या इंग्रजी मासिकात. आणि एका रात्री, आपल्याकडे साडेबारा वाजले होते, मला तिचा फोटो आला. पाठोपाठ फोन. “मावशी, झोपलीस का गं? तीनदा उसवलं मी. दर वेळी वाटीच होते.”

मी चष्मा लावला, फोटो मोठा केला आणि टाके मोजायला घेतले. पहिल्या फेरीत ६, दुसरीत १२, तिसरीत १८, चौथीत २४. हिशेब चोख होता. पण टाके उंच दिसत होते.

“अगं, हे तू खांब घातलेस. इथे मुके खांब हवेत.”

“मुके म्हणजे?”

“सुईवर आधी वेढा न घेता घालतो ते.”

“पण नमुन्यात डबल क्रोशे लिहिलंय. मी डबल क्रोशेच घातलंय.”

“कुणाचं डबल? इंग्लंडचं की अमेरिकेचं?”

त्यावर ती गप्पच झाली. तुमच्यातही बरेच जण गप्प झालेले दिसतायत, म्हणून जरा फोड करून सांगते. अमेरिकेत ज्या टाक्याला सिंगल क्रोशे म्हणतात, त्यालाच इंग्लंडमध्ये डबल क्रोशे म्हणतात, आणि तोच आपला मुका खांब. अमेरिकेचं डबल ते इंग्लंडचं ट्रेबल, म्हणजे आपला खांब. टाका तोच, धागा तोच, भाषाही दोघांची इंग्रजीच, आणि अर्थ एक पायरी सरकलेला. सुयांचंही तेच. आपल्याकडची जुनी १० नंबरची सुई सव्वातीन मिलिमीटरची, अमेरिकेची १० नंबरची सहा मिलिमीटरची. आपल्याकडे नंबर वाढला की सुई बारीक होते, तिकडे जाड होते.

आता आपले शब्द बघा. साखळी, मुका खांब, अर्धा खांब, खांब. यात कुठे घोळ आहे? खांब उभा दिसतो, म्हणून खांब. दुसरा मुका का, तर माझा आपला तर्क असा की तो डोकं वर काढत नाही, खालच्या फेरीला चिकटून बसतो. कुठल्या शाळेत शिकवले नाहीत हे शब्द. ओसरीवर, चाळीच्या गॅलरीत, बाळंतविड्याची टोपडी-मोजे करताना आणि रुखवताचे रुमाल विणताना एकीनं दुसरीला दिले. आणि आज माझ्याकडे शिकायला येणाऱ्या मुली विचारतात, “काकू, इथे एससी घालू का डीसी?” म्हणजे सिंगल क्रोशे का डबल क्रोशे. मला खरंच वाईट वाटतं. इंग्रजी नमुना वाचायला येऊ दे, जरूर येऊ दे, पण तोंडात मुका खांब राहू दे. तो शब्द गेला तर परत कोण घडवणार आहे?

असो. वाडगा कुठवर आला? हां, तर वाटी का झाली ते बघू.

मुका खांब साधारण जेवढा रुंद तेवढाच उंच असतो. प्रत्येक फेरीला वर्तुळाची त्रिज्या एका टाक्याच्या उंचीनं वाढते. त्रिज्या एकानं वाढली की परीघ कितीनं वाढतो? शाळेतलं आठवा, दोन गुणिले बावीस सप्तमांश, म्हणजे सव्वासहाच्या आसपास. म्हणून दर फेरीला ६ टाके वाढवायचे, उरलेला पाव टाका लोकर सांभाळून घेते. खांब मात्र जवळजवळ दुप्पट उंच. त्याला दर फेरीला १२ वाढवावे लागतात. भाचीनं टाके घातले खांबाचे आणि वाढवले मुक्या खांबाच्या हिशेबानं. कड वर उचलली जाणारच. ज्या आजीनं पहिली गोल टोपी विणली तिनं हा गुणाकार कागदावर मांडला नसेल, पण तिच्या बोटांना तो येत होता.

आणि उलट केलं तर? मुके खांब घालून १२-१२ वाढवले तर? झालर होते. टाके मावत नाहीत, म्हणून कड वरखाली लाटा मारते. आपण झबल्याच्या कडेला करतो तीच. या झालरीनं तर गणितज्ञांची मदत केलीय. अतिपरवलयी पृष्ठभाग म्हणून एक प्रकार असतो, कडेकडे अशाच लाटा मारत पसरत जाणारा, त्याची कागदाची प्रारूपं हाताळली की फाटायची. मूळच्या लॅटव्हियाच्या डायना तायमिन्या अमेरिकेत कॉर्नेल विद्यापीठात गणित शिकवत होत्या. त्यांनी १९९७ मध्ये ते पृष्ठभाग क्रोशानं विणले, दर ठरावीक टाक्यांनंतर एक टाका वाढवत. विद्यार्थ्यांना ते घडी घालून, ताणून बघता येऊ लागले. पुढे २००५ मध्ये मार्गारेट आणि क्रिस्टीन वर्दाइम या जुळ्या बहिणींनी त्याच पद्धतीनं लोकरीचे प्रवाळ विणायला सुरुवात केली, आणि जगभरच्या बायका त्यात सामील झाल्या. प्रवाळाची कड, कोबीच्या पानाची कड, झबल्याची झालर, सगळीकडे हिशेब एकच : मावतील त्याहून जास्त टाके.

ही चिठ्ठी आली. दहाच मिनिटं. बरं, सुयांवरचं विणकाम अजून राहिलंय, आणि वाचायचं कसं ते मुख्य तिथेच आहे. भराभर सांगते.

सुलट टाका इंग्रजी व्हीसारखा दिसतो, उलट टाका आडव्या गाठीसारखा. पण ते दोन निराळे टाके नाहीत, उलट ही सुलटाची पाठ आहे. एवढं डोळ्यात बसलं की “एक सुई सुलट, एक सुई उलट” हे पाठ करावं लागत नाही. (सुई म्हणजे इथे विणलेली एक ओळ.) फोन वाजला, दूध उतू गेलं, परत येऊन बसलात, तर समोर व्ही आहे का गाठ आहे एवढंच बघायचं आणि पुढे चालू लागायचं.

सुटलेला टाका. घाबरून अख्खं उसवू नका. त्याच्या वर शिडीसारखे आडवे धागे दिसतात, जेवढ्या सुया खाली घसरला तेवढे. क्रोशाची सुई त्या टाक्यात घाला, सर्वांत खालचा धागा ओढून त्यातून काढा, मग त्याच्या वरचा. अकरा सुया खाली गेलेला टाका दोन मिनिटांत वर येतो. मशीनचं विणकाम १५८९ पासून आहे, इंग्लंडच्या विल्यम लीनं पहिलं यंत्र केलं, पण असा एकच टाका हातानं वर आणण्याचं सुख काही वेगळंच.

नमुन्याचा तुकडा. सगळ्यांना कंटाळा येतो, तरी चार इंच विणून मोजाच. नमुना म्हणतो ४ इंचांत २२ टाके, तुमचे सैल हातामुळे २० आले, तर ३६ इंचांच्या छातीचा स्वेटर साडेएकोणचाळीस इंचांवर जातो. आणि लोकर सगळी एकदम घ्या, पट्टीवरचा लॉट नंबर बघून, म्हणजे सगळी एकाच वेळी रंगवलेली मिळते. मला एका दुकानात “रंग तोच आहे हो” म्हणून दुसऱ्या लॉटचा गुंडा दिला होता. घरच्या दिव्यात कळलं नाही. सकाळी उन्हात नेला, तर पाठीवर आडवा पट्टा.

दुसरी चिठ्ठी. सभागृह रिकामं करायचंय, त्यामुळे भाषण इथे थांबवते. वाडगा मला परत द्या, तो उसवायचा नाही असं भाचीला सांगितलंय. आणि तिसऱ्या रांगेतल्या निळ्या शालीच्या ताई, मघापासून बघतेय, तुमच्या डाव्या खांद्यावर एक टाका सुटलाय. चार-पाच सुयाच खाली गेलाय अजून. जाऊ नका, इकडे उजेडात या, माझ्या पिशवीत क्रोशाची सुई आहे.