काउंटरवर कधी बोलायचं आणि कधी गप्प बसायचं

नमस्कार. मागे आवाज येतोय ना? विषय तुम्हाला माहितीय, इमर्जन्सी कॉन्ट्रासेप्शन, म्हणजे असुरक्षित संबंधांनंतर गर्भ राहू नये म्हणून घ्यायची गोळी, आणि फार्मसिस्ट. समोर बसलेले बहुतेक जण काउंटरवर उभे राहणारे आहेत नाहीतर वर्षा-दोन वर्षांत उभे राहतील, त्यामुळे त्या गोळीतलं लेव्होनॉर्जेस्ट्रेल हे हार्मोन म्हणजे काय इथपासून सुरू करत नाही. गोळी देताना नेमकं काय विचारायचं आणि काय सांगायचं हे मला आज मांडायचंय. त्याच्याकडे येतेच, पण आधी मनात एक खदखद आहे ती बोलून घेते.

ही गोळी कोणाला द्यायची यावर इतकी वर्षं वाद झाले, पण ती नीट कशी द्यायची यावर कोणी फारसं बोलतच नाही. अमेरिकेचं बघा. १९९९ मध्ये मंजुरी, पण प्रिस्क्रिप्शनवर. २००६ मध्ये १८ वर्षांवरच्यांना प्रिस्क्रिप्शनशिवाय, पण गोळी काउंटरच्या मागे, आधी ओळखपत्र दाखवा मग मिळेल. २००९ मध्ये वय १७ वर आलं. २०११ मध्ये एफडीएची, म्हणजे औषधांना मंजुरी देणाऱ्या तिथल्या सरकारी संस्थेची, वयाची अट काढायची तयारी झाली, तर आरोग्यमंत्री कॅथलीन सेबेलियस यांनीच ते अडवलं. मग कोर्टकचेरी, आणि २०१३ मध्ये कुठे अट गेली. फ्रान्सने तर १९९९ मध्येच ती फार्मसीतून थेट द्यायला सुरुवात केली होती, ब्रिटनने २००१ मध्ये. ज्या औषधाला तासांचा हिशोब लागतो त्याच्यासाठी एका देशाने चौदा वर्षं घालवली, मला याचा खरंच राग येतो.

तासांचा हिशोब का, तर गोळी ओव्ह्युलेशन, म्हणजे बीज बाहेर पडणं, पुढे ढकलते, बाकी फार काही करत नाही. शुक्रजंतू शरीरात पाच दिवसांपर्यंत तग धरतात, ते वाट बघत असतात आणि आपण बीजच बाहेर येऊ देत नाही. पण बीज बाहेर पाडणारं एलएच हार्मोन एकदा चढायला लागलं की लेव्होनॉर्जेस्ट्रेलला ते थांबवता येत नाही. म्हणून पाकिटावर संबंधांनंतर बहात्तर तास लिहिलंय याचा अर्थ एकाहत्तराव्या तासाला घेतली तरी तेवढाच फायदा असा नाही. गर्भ राहिलेला असेल तर ही गोळी तो पाडत नाही आणि त्याला इजाही करत नाही. हे तुम्हाला पाठ आहे, मला माहितीय, पण समोरच्या बाईला माहीत नसतं आणि ती त्याच भीतीने आलेली असते.

आता मला सांगा, काउंटरवर "ते द्या ना" असं किती जणांनी ऐकलंय? (हशा) बघा, सगळेच हसले, आणि "ते" म्हणजे काय हे एकालाही विचारावं लागलं नाही. इतकं कळतं आपल्याला. मग हे ऐका. मी एका मेडिकलमध्ये माझं काहीतरी घ्यायला उभी होते. एक तरुण बाई कडेला थांबलेली, पुढे यायची, मग दुसऱ्यालाच पुढे जाऊ द्यायची, उगाच शांपूच्या बाटल्या बघायची. गर्दी ओसरल्यावर तिने मोबाईलवरची यादी पुढे केली, शब्द नाही बोलली. काउंटरवरच्याने यादी वाचली आणि आत उभ्या पोराला मोठ्याने हाक मारली, "अरे ती बहात्तर तासवाली दे एक!" दुकानातल्या सगळ्यांच्या माना वळल्या. त्या बाईने नजर जी खाली घातली ती वर केलीच नाही. मग तो तिला म्हणतो, सारखी सारखी घेऊ नका हां, पुढे मूल होत नाही. हे साफ खोटं आहे, या गोळीने वंध्यत्व येत नाही.

पण मला जास्त लागलं ते पुढचं. त्याच यादीत कार्बामॅझेपीनची स्ट्रिप होती. फिट्सची गोळी, तिची स्वतःची, आणि दोन्ही एकाच पिशवीत गेल्या, वर सुटे पैसे आहेत का एवढंच विचारलं. कार्बामॅझेपीनने लिव्हर बहात्तर तासवाल्या गोळीतलं हार्मोन भराभर मोडून टाकतं, त्या गोळीचा असर कमी होतो, हे आपण सगळे शिकलोय की नाही? जिथे गप्प बसायचं तिथे हा माणूस ओरडला आणि जिथे तोंड उघडायचं तिथे मिठाची गुळणी धरून बसला. मी बाहेर जाऊन तिला बाजूला घेतलं, हळू आवाजात सांगितलं की तुमच्यासाठी कॉपर टी सगळ्यात खात्रीची, पाच दिवसांच्या आत बसवली तर चालते आणि फिट्सच्या औषधाचा तिच्यावर परिणाम होत नाही, आजच डॉक्टरांकडे जा. ती म्हणाली, हे आतच कोणी का नाही सांगितलं? याला मी काय उत्तर देणार.

चिठ्ठी आलीय, पाच मिनिटं राहिलीत. बरं, मग भराभर घेते, खरं तर हेच बोलायला आले होते.

विचारायचं एवढंच की किती तास झाले, पाळी शेवटची कधी आली, दुसरं कुठलं औषध चालू आहे का. लग्न झालंय का, कोणाबरोबर, कितव्यांदा, हे प्रश्न औषधासाठी लागत नाहीत, ते विचारूच नका. फिट्सची किंवा टीबीची औषधं, म्हणजे कार्बामॅझेपीन, फेनिटॉइन, रिफॅम्पिसिन, अशी असतील तर आधी कॉपर टी सुचवा, ती शक्यच नसेल तर ब्रिटनच्या मार्गदर्शनात लेव्होनॉर्जेस्ट्रेलचा दुप्पट डोस म्हणजे ३ मिलिग्रॅम सांगितलाय. वजन ७० किलोच्या वर असेल तरी साध्या डोसचा भरवसा कमी होतो, हे तिला न लाजवता सांगता आलं पाहिजे. बहात्तर तास उलटून गेले असतील तर रिकाम्या हाताने पाठवू नका, याच कामाची दुसरी गोळी, युलिप्रिस्टल ३० मिलिग्रॅम, १२० तासांपर्यंत चालते आणि एलएच चढायला लागल्यावरही काही प्रमाणात काम करते, कॉपर टीचा पर्यायही आहेच. फक्त युलिप्रिस्टलनंतर नेहमीच्या हार्मोनच्या गोळ्या पाच दिवस थांबून सुरू करायच्या, लेव्होनॉर्जेस्ट्रेलनंतर लगेच चालतात.

हे मात्र कोणीच सांगत नाही, लिहून घ्या. गोळीने ओव्ह्युलेशन पुढे जातं, म्हणजे त्याच महिन्यात नंतर संबंध आले तर धोका उलट तिथेच आहे, गोळी पुढच्यासाठी संरक्षण देत नाही, म्हणून कंडोम वापरा असं स्पष्ट सांगा. लेव्होनॉर्जेस्ट्रेल घेतल्यावर दोन तासांत उलटी झाली तर परत डोस. पाळी आठवडाभराहून जास्त लांबली किंवा गोळी घेऊन तीन आठवडे होऊन गेले तरी आली नाही तर प्रेग्नन्सी टेस्ट.

आणि बरोबरचा माणूसच सगळं बोलतोय, बाई घाबरलेली दिसतेय, तर तिच्याशी एकटीशी दोन शब्द बोलायची सोय करा. जबरदस्ती झालेली असेल तर पुरावा मागत बसू नका, गोळी आधी द्या, मग एचआयव्हीच्या पीईपीचं, म्हणजे संसर्ग होऊ नये म्हणून नंतर घ्यायच्या औषधांचं, सांगा, ती सुरू करायलाही बहात्तर तासांचीच मर्यादा आहे. कोणाच्या मनाला ही गोळी देणं पटत नसेल तर त्याने शेजारच्या सहकाऱ्याला पुढे करावं, लगेच, भाषण न देता. दुसरं कोणी नसेल आणि जवळ दुसरं दुकानही नसेल तर माझ्या मते नाही म्हणायचा हक्क आपल्याला उरत नाही, यावर तुम्ही माझ्याशी जरूर भांडा. आता प्रश्न घेऊया, तिसऱ्या रांगेतून मघापासून हात वर आहे, बोला.